जुन्या कॅबिनेटचे झाकण उघडे ठेवू नका

मा. संपादक,

विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही, त्यांना तिकडे जायचे तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि बऱ्याचदा रॅम बदलावी लागते. कॅबिनेट, म्हणजे संगणकाचे बाहेरचे खोके, मात्र भंगारात द्यायचे कारण बहुतेकदा नसते. १९९५ साली ठरलेल्या एटीएक्स मापाची स्क्रूची भोके आजच्या मदरबोर्डलाही जुळतात. काही ब्रँडेड कॅबिनेटमध्ये ती वेगळी असतात, तेवढे आधी पाहावे. खरी अडचण उष्णतेची. त्यावर बाजूचे झाकण काढा आणि शेजारी टेबल फॅन लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. किनाऱ्यावरच्या गावांत याच्याइतका घातक उपाय नाही.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात आणि ते धुळीबरोबर मदरबोर्डवर बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. पावसाळ्यात आपल्याकडे बराच काळ आर्द्रता त्याहून जास्तच असते. हा ओला थर वीज वाहून नेतो. मग यूएसबी पोर्ट गंजतात, रॅम स्लॉटमध्ये नीट लागत नाही, संगणक मधूनच बंद पडतो. पाली आणि मुंग्या शिरतात ते वेगळेच. म्हणून इथे हवा बेताचीच, सावकाश आणि गाळून आत घ्यायला हवी.

ती किती लागते याचा हिशेब सोपा आहे. संगणकाचे वॉट गुणिले ३, भागिले दर तासाला जाणारी हवा घनमीटरमध्ये. जे उत्तर येईल तितके अंश हवा तापते. जुन्या कॅबिनेटला मागे ८० मिमीचा पंखा असतो आणि त्याच्यापुढे पत्र्यालाच पाडलेली बारीक भोके. त्यातून प्रत्यक्षात ताशी ३० घनमीटर हवा गेली, तर २४० वॉटच्या संगणकात ती २४ अंशांनी तापेल. मे महिन्यात खोलीत ३४ अंश असले की आत ५८. पेंटियम ३ चा प्रोसेसर २०-३५ वॉट खात असे, तेव्हा हे निभावून जाई.

म्हणून आधी वॉट कमी करावेत. इंटेलचा आय-५ १२४०० नावाला ६५ वॉटचा आहे, पण जोर लागला की ११७ वॉटपर्यंत जातो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, त्याच्या सततच्या आणि थोड्या वेळाच्या अशा दोन्ही वीजमर्यादा ६५ वॉटवर आणा; कार्यालयीन कामात फरक कळणारही नाही. एएमडीचा रायझेन प्रोसेसर असेल तर बायोसमधला वीज कमी खाणारा इको मोड लावा. ग्राफिक्स कार्ड लागणारच असेल, तर वेगळी पॉवर केबल न लागणारे, ७५ वॉटच्या आतले घ्या.

पुढून हवा घ्यायची जागा जुन्या कॅबिनेटमध्ये तयारच असते, ती म्हणजे सीडी ड्राइव्हचे कप्पे. एक कप्पा ४१.३ मिमी उंच, म्हणजे सलग तीन रिकाम्या कप्प्यांत १२० मिमीचा पंखा पत्रा न कापता बसतो. पंख्याच्या भोकांमधले अंतर १०५ मिमी. दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तो कसता येतो. दोन्ही बाजूंना सुमारे १३ मिमी फट उरते, ती फोमने बंद केलीच पाहिजे. नाहीतर आतलीच गरम हवा वळून पुन्हा पंख्यात येते, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते. पंख्यापुढे बारीक नायलॉन जाळी लावा. पंखा मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास सतत चालू द्या. मागचा पंखा पुढच्यापेक्षा मंद ठेवा, म्हणजे फटींतून हवा बाहेर पडेल, आत ओढली जाणार नाही.

मागच्या पंख्यापुढचा भोकांचा पत्रा कापून तारेची जाळी बसवली तर हवा बरीच मोकळी होते. कापण्याआधी आतले सगळे काढा. लोखंडाचा एक कीस मदरबोर्ड जाळू शकतो. कापलेल्या कडेवरचा जस्ताचा मुलामा गेलेला असतो, म्हणून तिथे त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. मदरबोर्ड ज्यांवर कसतात त्या पितळी खुंट्यांखाली (स्टँडऑफ) मात्र रंग नको, अर्थिंग तुटते.

प्रोसेसरवर बसणारा कूलर घेण्याआधी मदरबोर्डपासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंतचे अंतर मोजा. १२० मिमी पंख्याचे कूलर १५५ मिमीच्या आसपास उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटमध्ये झाकणाला लागतात. ९२ मिमी पंख्याचे सुमारे १२५ ते १३५ मिमी असतात. जुना एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, कितीही चांगला दिसला तरी वापरू नका. त्याची ताकद ५ व्होल्टवर, आजच्या बोर्डाची गरज १२ व्होल्टवर.

झाकण काढायचे ते फक्त चाचणीसाठी. अर्धा तास पूर्ण भार देऊन झाकणासह आणि झाकणाविना प्रोसेसरचे तापमान पाहा. फरक पाच अंशांच्या आत असेल तर हवा पुरते. जास्त असेल तर आधी पंख्याभोवतीच्या फटी तपासा.

पावसाळ्यात संगणक रोज तासभर तरी चालू ठेवा. आतली ऊब ओलावा बसू देत नाही. सिलिका जेलच्या पुड्या अशा मोकळ्या खोक्यात काही कामाच्या नाहीत. जाळी पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. पावसात ती लवकर वाळत नाही, म्हणून दोन जाळ्या कापून ठेवाव्यात.

आपला,
एक संगणक दुरुस्ती कारागीर, रत्नागिरी