मनूला, करारनाम्याच्या आधी

सांगली, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "तिला बोलू तरी द्यायचं होतंस." खरंय. म्हणून आज लिहायला बसलेय. हप्त्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच.

फ्लॅटचे फोटो नीट मोठे करून पाहिले. पुण्याजवळ ताथवड्याला अठरावा मजला, पश्चिमेची बाल्कनी, स्वयंपाकघराला लागून धुण्याभांड्याची वेगळी जागा. फार छान आहे गं. माईंच्या नावावर उभ्या आयुष्यात एक कपाट नव्हतं आणि त्यांच्या नातीच्या एकटीच्या नावावर घर होतंय! करार बाईच्या नावावर असला की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय.

पण ती सवलत धरूनही 80 लाखांवर 6 टक्के म्हणजे 4 लाख 80 हजार होतात. नोंदणीचे 30 हजार. इमारत अजून बांधकामात आहे, म्हणून 5 टक्के जीएसटीचे 4 लाख. तयार, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला हा जीएसटी लागत नाही. मुद्रांक आणि नोंदणी बँक किमतीत धरत नाही, ते आपल्याच खिशातून जातं. उरलं 60 लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं धरलीस तर महिन्याला 52 हजार, आणि फिटेपर्यंत व्याजच 65 लाखांच्या घरात. तुझ्या हातात येणाऱ्या पगाराचा निम्मा भाग. ताबा मिळेपर्यंत भाडंही चालूच राहणार. उद्या नोकरीला काही झालं तर?

बघ, काढलाच विषय.

तुम्हा मुलांना उगाच थाटमाट हवा असतो असं मला वाटत नाही. घरून काम करायचं तर बंद करता येईल असं दार लागतं, रात्री उशिरा परतायचं तर गेटवर माणूस लागतो, ऑफिस जवळ लागतं. तो पोहण्याचा तलाव तू मागितला नव्हतास, तो किमतीत आपोआप येतो आणि पुढे दर महिन्याच्या मेंटेनन्समध्येही. म्हणूनच जुन्या इमारतीतल्या वन बीएचकेचं सुचवलं होतं. 35 लाख कर्ज, तीस हजारांच्या आसपास हप्ता. नोकरी गेली तरी दुसरी मिळेपर्यंत तेवढा रेटता येतो.

यावर तू रडवेल्या आवाजात म्हणालीस, "दुसरी खोली तुमच्यासाठी आहे, पुरात तुम्हाला कुठे नेऊ?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा तू पुण्यात अडकलेली. रस्ते बंद. बाबांनी घराची कागदपत्रं असलेली पेटी डोक्यावर घेतली आणि छातीभर पाण्यातून होडीपर्यंत नेली. विश्रामबागला मावशीकडे पोचल्यावर ती उघडली, तर आत माझ्या पतसंस्थेची कर्जफेडीची पुस्तिकाही होती. कर्ज फिटून किती वर्षं झालेली, तरी त्यांनी जपून ठेवलेली. त्या वर्षापासून पाऊस लागला की तुझा फोन येतो, "कोयनेतून किती सोडलंय? पूल किती फुटांवर?" 45 ही धोक्याची पातळी तुला माझ्याआधी आठवते. तुझ्या मनातली ती खोली कशी आली हे मला कळतं, मनू. पण आमच्या खोलीपायी तू वीस वर्षं जीव मुठीत धरून जगावंस हे मला सोसवत नाही.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तू बालवाडीत असताना बाबांच्या कारखान्यात पगार थकले. मी पतसंस्थेत कर्जखात्याला होते. थकबाकीदारांची यादी टाइप करायचं काम माझंच. आठव्या ओळीवर बाबांचं नाव. ती यादी सूचना फलकावर लावायला शिपायाच्या हातात मीच दिली. माणसं काउंटरवर पासबुक सरकवून हळूच म्हणायची, "या महिन्याचं व्याज तेवढं घ्या, मॅडम." त्यांना मी काय सांगणार?

म्हणून बोलते गं. व्याजदर एका जागी राहत नाही. 2022 च्या मे महिन्यापासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला. बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, त्यामुळे माणसाला पटकन कळतही नाही. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी पैसे भरले तर दंड नसतो. बोनस आला की मुद्दल कमी कर.

पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस. घर तुझं, निर्णय तुझा, आणि तू हा टू बीएचकेच घेतलास तरी वास्तुशांतीचे लाडू मीच वळणार.

गुरुवारी सही करण्याआधी महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची तारीख बघ. करारात चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, लिहिलेलं हवं. नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, मागितली तर देऊ नकोस. बाबा बुधवारी रात्रीच्या एसटीने निघतायत. भडंग दिलंय, शेजारच्या मुलींनाही दे.

तुझी,
आई

ता. क. कुपवाडचा प्लॉट विकायचा का असं बाबा तुला विचारतील. तुला हवं असेल तर हो म्हण, माझी ना नाही. फक्त त्यातले सहा हप्त्यांचे पैसे वेगळ्या ठेवीत टाकशील, एवढं मला गुरुवारच्या आत कळव.