डिस्प्ले जळतो तो निळ्या रंगापायी

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी राजारामपुरीत गेली बारा वर्षं मोबाईल रिपेरिंग करतोय. मागच्या आठवड्यात एक डिलिव्हरीवाला पोरगा फोन घेऊन आला, पांढरं पान उघडलं की स्क्रीनवर मॅपची वरची पट्टी आणि खालची बटणं भुतासारखी उभी, आणि तिथला पांढरा रंग हळदीचा हात फिरवल्यासारखा पिवळट. दिवसाला दहा-बारा तास उन्हात फुल ब्राइटनेसवर मॅप चालू ठेवायचा, तो तरी काय करणार, त्याचं पोट त्याच्यावर आहे. एका सर्व्हिस सेंटरनं 'तुमच्या वापरामुळं झालंय' म्हणून त्याला परत पाठवलं आणि नव्या फोल्डरचा, म्हणजे काचेसकट डिस्प्लेचा, खर्च सांगितला तो निम्म्या फोनच्या किमतीएवढा. पोरगा माझ्यासमोर गप्प बसून राहिला, मला लई वाईट वाटलं.

दुकानातल्या मायक्रोस्कोपखाली ओलेड (OLED) डिस्प्ले चालू करून धरला की लाल, हिरवे, निळे ठिपके सुटे सुटे दिसतात. बहुतेक फोनमध्ये निळा ठिपका सगळ्यात मोठा. कितीतरी वर्षं मी ते बघत होतो पण कारण माहीत नव्हतं. माझी भाची एम.एस्सी. ऑरगॅनिक करते, तिनं बिलबुकाच्या पाठीमागं चित्र काढून सांगितलं, मामा, निळा लवकर दमतो म्हणून त्याला मोठा करतात, म्हणजे करंटचा ताण पसरतो.

साध्या एलसीडीत मागून लाईट मारलेली असते, ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, आणि पेटणारा थर म्हणजे कार्बनच्या रेणूंचा, केसापेक्षा शेकडो पट पातळ. 1987 मध्ये कोडॅक कंपनीत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर चालणारा पहिला चांगला थर बनवला, तेव्हा आत जाणाऱ्या शंभर इलेक्ट्रॉनमागं बाहेर प्रकाशाचा जेमतेम एक कण पडायचा. एक कारण असं की करंटनं शक्ती देऊन चार रेणू चेतवले तर त्यातला एकच उजेड देतो, तिघांची शक्ती उष्णता होऊन वाया. 1998 मध्ये अमेरिकेत फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटानं रेणूत प्लॅटिनम बसवून त्या तिघांनाही उजेड द्यायला लावलं, पुढं इरिडियम आलं. लाल आणि हिरवा आज त्यावरच चालतात. निळा मात्र बहुतेक फोनमध्ये अजून जुन्याच पद्धतीचा आहे.

का, तर निळ्या प्रकाशाची शक्ती सगळ्यात जास्त, रेणूतला बंध तुटायला लागते जवळपास तेवढीच. इरिडियमवाला निळा रेणू ती शक्ती जास्त वेळ धरून बसतो, तेवढ्यात शेजारी दुसरा चेतलेला रेणू आला की दोघांची शक्ती एकावर पडते आणि बंध तुटतो. मग तो तुटका तुकडा आजूबाजूच्यांचाही उजेड गिळतो. एक नासका आंबा आढी नासवतो म्हणतात तसंच अगदी.

यावर जगभर काम चाललंय. 2012 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात अडाची यांच्या गटानं इरिडियम किंवा दुसरा कुठलाच महाग धातू न घालता चारही रेणूंचा उजेड मिळवून दाखवला. दुसरा उपाय मला जास्त आवडला, रेणूतला हायड्रोजन काढून तिथं जड हायड्रोजन म्हणजे ड्युटेरियम बसवायचा, त्याचा बंध सहजासहजी तुटत नाही, त्यामुळं आयुष्य वाढतं. एलजीनं 2021 च्या शेवटी टीव्हीच्या पॅनलसाठी हे जाहीर केलं. आणि हे ड्युटेरियम येतं जड पाण्यातून, जड पाण्याचा कारखाना आपल्याच रायगड जिल्ह्यात थळला आहे!

म्हणजे माल राज्यात आहे, रेणू जोडणारी पोरं शिवाजी विद्यापीठात आणि गावातल्या कॉलेजांत आहेत. भाचीच्या वर्गातली बहुतेक पोरं औषध कंपन्यांकडंच डोळे लावून बसल्यात, पण कॉलम चालवणं म्हणजे मिसळलेले पदार्थ वेगळे करणं, शुद्धता तपासणं, हे जमणारे हात ओलेडचे रेणू बनवायलाही तेच लागतात. या रेणूंची पावडर शुद्ध करायची रीतसुद्धा आपल्या देवघरातल्या कापरासारखी, तापवली की पातळ न होता थेट उडते, फक्त ते व्हॅक्यूममध्ये करायचं. क्लोरीन-ब्रोमीनचा जरासा अंश राहिला तरी डिस्प्लेचं आयुष्य घटतं, म्हणजे काम बारीक आहे, पण न जमण्यासारखं नाही.

केंद्रानं 2021 मध्ये सेमीकंडक्टर आणि डिस्प्लेसाठी 76,000 कोटींची योजना जाहीर केली, त्यात कारखान्याची चर्चा होते, रेणूंची कुणी करत नाही. म्हणून माझी विनंती, रसायनशास्त्राच्या सरांनी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा विषय द्यावा आणि तुम्ही विज्ञानाच्या पानावर यावर एकदा सविस्तर छापावं. माझ्याकडं जळक्या डिस्प्लेंचा एक खोका भरलाय, कशावर कुठलं चित्र उमटलंय ते चिठ्ठी लावून ठेवलंय, कुणाला अभ्यासाला पाहिजे असतील तर फुकट घेऊन जावा.

आपला,
एक मोबाईल दुरुस्तीवाला, राजारामपुरी, कोल्हापूर