रहाटपाळणा सरपणात जाण्याआधी: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

जत्रेतला चार पेट्यांचा, हाताने फिरवायचा लाकडी रहाटपाळणा आता निवृत्त होतो आहे. सोलापूरच्या गड्डा यात्रेपासून माहीमच्या उर्सापर्यंत कुठेही बघा, गर्दी मोटारीवरच्या उंच लोखंडी पाळण्यांकडे वळली आहे. लाकडी पाळणा मोडला की खांब आणि आरे (चाकाचे दांडे) सरपणात जातात, आस, म्हणजे चाकाच्या मधला पोलादी दांडा, भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. त्यात माणसे बसवणे थांबावे, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र एक तरी पाळणा सगळ्या भागांसकट आणि उभारणीच्या माहितीसकट राज्याने राखावा, म्हणून हे पत्र.

माणसे का बसवू नयेत, ते आधी सांगतो. खरा धोका आसात असतो. मिनिटाला 8 फेऱ्या धरल्या तर सहा तास फिरण्यात 2,880 फेऱ्या होतात, आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या आसाचा प्रत्येक कण दर फेरीत एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. बुशाजवळ (आस ज्या कड्यात फिरतो त्याच्याजवळ) जिथे आसाची जाडी एकदम कमी होते, त्या कोपऱ्यात केसासारखी चीर पडते. वरून काळ्या वंगणाचा थर असल्याने ती डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायला आसावरचे वंगण पूर्ण काढून तो कोरडा करायचा, लाल पेनेट्रंट (चिरेत शिरणारा पातळ रंग) लावून दहा मिनिटे थांबायचे, पुसून घ्यायचे आणि वर पांढरा डेव्हलपर (चिरेतला रंग बाहेर ओढणारी पूड) फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. अशी रेघ दिसली की तो आस बाद. दुर्दैवाने पुष्कळदा तिथे वेल्डिंग मारून वेळ निभावली जाते. नीट तापवून न घेता केलेल्या वेल्डिंगने जोडाशेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि आस पुढे तिथूनच तुटू शकतो.

लाकडाचे दुखणे वेगळे. जत्रा बदलली की पाळणा सोडायचा आणि पुन्हा जोडायचा. त्यात बोल्टची भोके लांबट होत जातात. मग बोल्ट कितीही आवळा, आरा हलतोच. खांबाचा जमिनीलगतचा भाग पावसाचे पाणी पितो आणि आतून कुजतो, वर ऑइलपेंट मात्र चकचकीत. हातोडीने ठोकून बघावे: चांगले लाकूड टणक वाजते, कुजलेले बद्द.

आता जे राखायचे त्याबद्दल. पाळणा नुसता उचलून संग्रहालयाच्या आवारात ठेवला तर तो दोन पावसाळ्यांत संपेल, आणि तो कसा उभा राहतो हे कुणालाच कळणार नाही. जुन्या पाळण्यात प्रत्येक आऱ्याच्या बुडाशी आणि तुंब्याच्या (आरे जिथे बसतात त्या मधल्या ठोकळ्याच्या) तोंडाशी छिनीने मारलेल्या खुणा सापडतात. एक खूण असलेला आरा एक खूण असलेल्या खाचेत, दोन खुणांचा दोनच्या खाचेत. आरे हाताने तासलेले असल्याने त्यांची अदलाबदल चालत नाही. रंगकाम करणाऱ्याने पॉलिश पेपर मारून किंवा लांबी (भेगा बुजवायचा लगदा) भरून या खुणा बुजवल्या, की पाळणा कायमचा मुका झाला. म्हणून रंगाला हात लावण्याआधी प्रत्येक सांध्याचे फोटो आणि मापे घ्यावीत.

उभारणीचा क्रमही लिहून ठेवायला हवा. आधी आस पेलणाऱ्या खांबांच्या दोन्ही कैच्या ओळंब्यात (सरळ उभ्या), मग आस पाणसळीत (समपातळीत). आस एका बाजूला उतरता राहिला तर सगळे चाक त्या अंगाला सरकते आणि बुश खाते. आरे समोरासमोरच्या जोडीने बसवायचे. माणसे बसवतानाही हाच नेम होता: एक पेटी भरली की अर्धा फेरा देऊन तिच्या समोरची भरायची. कारण साधे आहे. एका बाजूला 60 किलो जास्त झाले, तर तो आरा आडवा येतो तेव्हा कडेला धरून फिरवणाऱ्याच्या हातावर तेवढेच 60 किलो येतात. जत्रेतली कितीतरी माणसे हे शाळेत शिकण्याआधी पाळणेवाल्याकडे बघून शिकली.

जगात दोन्ही वाटा दिसतात. शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनातले फेरिस यांचे चाक 1906 मध्ये सुरुंग लावून पाडले आणि भंगारात विकले. व्हिएन्नातले 1897 चे चाक महायुद्धात जळाले, तेव्हा त्याच्या 30 डब्यांपैकी 15 च परत बसवून भार कमी केला. ते आजही फिरते.

पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आपल्याच खात्याकडे आहे. त्यांनी एक पाळणा रीतसर किंमत देऊन विकत घ्यावा, भंगाराच्या भावाने नव्हे. सोबत तो जोडणारा सुतार आणि लोहार मानधनावर बोलवावेत आणि सुटा करण्यापासून उभा करण्यापर्यंतचे सगळे काम चित्रित करावे. लाकूड विटांवर जमिनीपासून सहा इंच वर, हवा खेळेल असे ठेवावे. प्लास्टिकमध्ये गुंडाळले तर आत घाम धरून बुरशी येते. आसाला ग्रीसचा थर द्यावा. चीर असलेला जुना आसही फेकू नये, शेजारी मांडावा, म्हणजे पाळणा का थांबवला ते बघणाऱ्याला कळेल.

नवा आस घालून वर्षातून एकदा, संक्रांतीच्या गड्ड्यावर, सोलापूरच्या होम मैदानात हा पाळणा फिरवता येईल. माणसे नकोत, प्रत्येक पेटीत 25 किलो वाळूची एक गोणी आणि भोवती दोन मीटर सोडून कठडा. फिरवायला मात्र माणूसच हवा, मोटार लावू नये.

हे काम पावसाळ्याआधी हाती घ्यावे. पाळणे मोडीत निघतात ते जत्रांचा हंगाम संपल्यावर, उघड्यावर पडून भिजू लागण्याआधी.

आपले,
रहाटपाळणे जोडणारे सुतार, लोहार आणि फिटर