कंदाला आधी मूळ फुटू दे

सावदा,
20 जून

प्रिय आबा,

तुझा फोन आला तेव्हा मी मळ्यात होतो, धड बोलता आलं नाही. "केळीचा कंद सडला रे," एवढंच म्हणालास, पण तुझा आवाज इतका पडलेला होता की दिवसभर तेच डोक्यात राहिलं. म्हणून रात्री निवांत लिहायला बसलोय.

तू मातीला दोष देतोयस. मला विचारशील तर पाणी जास्त झालं. सकाळ-संध्याकाळ तू तांब्याभर घालत होतास, पण ते प्यायला त्याला मूळच नव्हतं. आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो ती नुसती एकात एक गुंडाळलेली पानांची देठं. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद, आणि त्याच्या अंगात साठवलेलं इतकं असतं की पहिली मुळं तो स्वतःच्या जिवावर काढतो. तोवर त्याला हवी ऊब आणि जेमतेम ओल. माझाही एक गेल्या वर्षी असाच गेला. बादलीला भोकं पाडायची राहिली होती. आठ-दहा दिवसांनी वास आला म्हणून उकरला, तर बोट थेट आत गेलं, शिजलेल्या भोपळ्यात जावं तसं. अण्णांच्या बसराई जातीच्या केळीचा कंद होता, फार वाईट वाटलं.

तुला माहीतच आहे, आता इकडे रावेर-यावल पट्ट्यात जिकडेतिकडे टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं. एकसारखी वाढतात, बाग एकदम निसवते, म्हणजे सगळे घड एकाच वेळी बाहेर पडतात, माझ्याही शेतात तीच आहेत. तक्रार नाही. पण अण्णांनी लावलेली बसराई आता फक्त विहिरीजवळ उरलीय, मोरीचं पाणी जातं तिथे. पाच-सहा खुंटं. ती तुझ्या गच्चीवर वाढावी असं मला मनापासून वाटतं. बुटकी जात, त्यामुळे ड्रमात सामावेल आणि वाऱ्यातही टिकेल.

परवा पाऊस उघडल्यावर केळीच्या बुडाशी फुटलेली तीन पिलं काढली. रुंद पानांची पाणपिलं घेतली नाहीत, ती दिसायला टवटवीत पण कंद पोचट. तलवारीसारख्या अरुंद पानांचीच घेतली. ज्या केळीची घेतली तिच्यावर मी वर्षभर लक्ष ठेवलंय, पानांवर हरण्याचे पिवळे पट्टे कधी दिसले नाहीत. तो रोग कंदातून पुढे जातो आणि कंद बघून काही कळत नाही, म्हणून आईच बघून घ्यायची. पहारीने मधला सांधा तोडला तेव्हा 'कट्' असा ओला आवाज झाला. माती पुसली, जुनी मुळं कोयत्याने तासली, वरचं खोड वीतभर ठेवून कापलं. आतला गर पांढराशुभ्र, काकडीसारखा करकरीत, हवा लागताच तांबूस व्हायला लागला. कुठे काळा डाग किंवा किड्याचं भोक नाही ना, ते फिरवून फिरवून पाहिलं. अण्णा कंद तळहातावर तोलायचे, अर्धा-पाऊण किलोचा भरला तरच लावायचे. मीही तसंच केलं. दहा लिटर पाण्यात दहा ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक टाकून अर्धा तास बुडवले आणि आता ओसरीत सावलीला सुकताहेत. तुला यातलं काही करायचं नाही.

तू फक्त मोठ्या ड्रमाची घाई करू नकोस. आधी फूटभराची कुंडी घे, भोकं मोकळी आहेत का बघ. निम्मं कोकोपीट, निम्मी जाड वाळू. कंद झाकून वर दोन बोटं थर येईल इतकाच पुर, खोडाचं तोंड उघडं राहू दे. शेणखत अजिबात नको, त्याची वेळ नंतर. एकदा पाणी दे, निथळू दे, आणि मग बोट खुपसून कोरडं लागेपर्यंत हात लावू नकोस. पावसात उघड्यावर ठेवू नकोस. दोन-तीन आठवडे काहीच दिसणार नाही. उकरून बघायचा मोह होईल, तो आवर, कारण कोवळी मुळं पांढऱ्या सुतळीसारखी असतात आणि सहज मोडतात. मधून हिरवा पोंगा वर आला आणि तीन-चार पानं उलगडली, की मातीच्या गोळ्यासकट ड्रमात हलव. तिथे मात्र शेणखत, चुलीची राख, पाणी, सगळं हात सैल सोडून दे. केळी खादाड आहे, पोटॅश तर तिला फारच लागतं.

हे सगळं आत्ताच व्हायला हवं. थंडीत कंद नुसता बसून राहतो. इकडे तर जानेवारीत चरका बसून उभ्या बागा पिवळ्या पडतात.

मोठा मुलगा रविवारी रात्रीच्या बसने निघतोय, सोमवारी सकाळी तुझ्याकडे पोचेल. गोणपाटात कंद आहेत, सोबत वहिनींसाठी कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी. गोणपाट तसंच बांधून ठेवू नकोस, आल्या आल्या कंद वाऱ्यावर काढ. केळीचा चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही, तेवढं मुलालाही सांगितलंय.

पोंगा दिसला की फोन कर. रात्री उशीर झाला तरी कर.

तुझा,
बापू