नुसते ‘खवले कीड’ म्हणून भागत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर खवले किडीच्या (झाडाला खवल्यासारख्या चिकटून रस शोषणाऱ्या बारीक किड्यांच्या) नियंत्रणाचा सल्ला दरवर्षी येतो आणि रत्नागिरी जिल्ह्यातला एक लहान बागायतदार, तसेच आयुष्यभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस, अशा दोन्ही नात्यांनी मी तो आस्थेने वाचतो. मात्र आंबा असो, पेरू असो की लिंबू, या सल्ल्यात किडीचे नाव ‘खवले कीड’ एवढेच असते. ज्वारी, बाजरी आणि नाचणी या तिन्हींना ‘धान्य’ म्हणून पेरणीचा एकच सल्ला द्यावा, तसे हे होते.

पहिला भेद तर साध्या टाचणीनेही कळतो. कठीण कवचाच्या खवल्यांचे कवच मेणाचे आणि टाकलेल्या कातीचे असते. ते टाचणीने उचलले की खाली किडा वेगळा दिसतो. मऊ खवल्यांची पाठ हेच त्यांचे कवच असल्यामुळे ते असे सुटत नाही. शिवाय मऊ खवले गोड चिकट द्रव टाकतात, त्यावर मुंग्या येतात आणि पानांवर काळी बुरशी चढते. कठीण कवचाचे खवले असा द्रव टाकत नाहीत. म्हणजे पाने काळी पडली असतील आणि फांदीवर फक्त कठीण कवचाचे खवले दिसत असतील, तर त्या काळेपणाला जबाबदार किडा दुसराच आहे, हे शेतकऱ्याला फवारणीपूर्वी कळायला हवे.

खरी अडचण पुढे आहे. मऊ खवल्यांच्या कुलात हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्या कोणत्या प्रजातीत घालाव्यात (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट आणि कुल म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, या अर्थाने मी हे शब्द वापरतो आहे) याचा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. ‘कॉकस’ ही प्रजाती लिनियस यांनी १७५८ मध्ये स्थापली आणि तिच्यात निवडुंगावरचा तांबडा रंग देणारा किडासुद्धा घातला. लाखेच्या किड्यालाही पुढे याच प्रजातीचे नाव मिळाले. हे दोन्ही आज वेगळ्या कुलांत आहेत. एकोणिसाव्या शतकात मऊ खवल्यांपैकी बहुतेकांना ‘लेकॅनियम’ या नावाखाली कोंबले गेले. सिलोनमधील कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड अर्नेस्ट ग्रीन यांनी १८८९ मध्ये कॉफीवरच्या हिरव्या खवल्याचे आणि आंब्यावरच्या खवल्याचे वर्णन केले, तेही याच नावाखाली. पुढे कॉफीवरचा खवला कॉकसमध्ये गेला. आंब्यावरचा कॉकस आणि प्रोटोपल्व्हिनारिया अशी घरे बदलत अखेर ‘मिल्व्हिस्क्युट्युलस मँगिफेरी’ झाला. आमच्या आंब्याच्या पानामागच्या या चपट्या, त्रिकोणी किडीची माहिती जुन्या ग्रंथांत शोधायची तर तिची ही सारी नावे ठाऊक असावी लागतात.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या शेतघरात ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’ या किडी मारणाऱ्या बुरशीची पुडी किंवा बाटली असेल. त्यातला ‘लेकॅनी’ हा शब्द त्या जुन्या लेकॅनियमवरूनच आला आहे, कारण ही बुरशी जावा बेटावर कॉफीच्या हिरव्या खवल्यावर सापडली आणि झिमरमान या शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये तिला तसे नाव दिले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ‘क्रिप्टोलिमस’ हा किडी खाणारा ढालकिडा भारतात आणला गेला, तोही कॉफीवरच्या हिरव्या खवल्यासाठीच. ते काम त्याच्याकडून साधले नाही. आज द्राक्ष बागायतदार त्याला ओळखतात ते पिठ्या ढेकणांचा शत्रू म्हणून. मित्रकीटक कोणत्या किडीवर जगेल आणि कोणत्या किडीवर नाही, याचे उत्तर ‘खवले’ या सरसकट नावातून कधीच मिळणार नाही.

नुसत्या डोळ्यांनी प्रजाती ठरवण्यात धोका आहे, हे मी स्वतः अनुभवले आहे. पेरूच्या पानांखाली पांढरा कापूस दिसला, तेव्हा मी ते पिठ्या ढेकूण ठरवून मोकळा झालो. पुढे भिंगाखाली पाहिले, तर त्या कापसाच्या एका टोकाला चपटी मऊ मादी होती आणि कापूस ही तिची अंड्यांची पिशवी होती. ती पल्व्हिनारिया या मऊ खवल्यांच्या प्रजातीतली निघाली. मोबाइलवर आलेल्या छायाचित्रांबाबत तर मी आता ठामपणे काही सांगत नाही. कॉकस हेस्पेरिडम हा एकच मऊ खवला रुंद पानावर पसरट होतो आणि बारीक काडीवर अरुंद व लांबट होतो. कॉफीवरच्या हिरव्या खवल्याच्या पाठीतून आतडे काळ्या, वेड्यावाकड्या इंग्रजी ‘यू’सारखे दिसते, पण अशी ठळक खूण सगळ्यांना नसते, आणि मादी म्हातारी होऊन तपकिरी, टणक झाली की बऱ्याच खुणा झाकल्या जातात.

म्हणून नुकतीच प्रौढ झालेली मादी घ्यावी लागते. तिला कॉस्टिक पोटॅशच्या (खताच्या पोटॅशच्या नव्हे) द्रावणात तापवून आतला ऐवज काढून टाकावा लागतो, मग रंग देऊन काचपट्टीवर बसवावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे ते असे: मागच्या फटीतल्या दोन त्रिकोणी पट्टिका, श्वासरंध्रांसमोरच्या खाचेतले काटे किती आणि मधला किती लांब, कडेचे केस साधे की टोकाला फाटलेले, मेण स्रवणाऱ्या बारीक नळ्या पाठीवर आहेत का आणि पोटाकडे त्या पट्ट्याने आहेत की विखुरलेल्या, पायाच्या सांध्यावर टणक भाग आहे की नाही. एवढे करूनही कॉकसची सीमा आजवर नीट आखलेली नाही. डीएनएच्या अभ्यासातही या नावाखालच्या साऱ्या जाती एकाच मुळाच्या असल्याचे दिसत नाही. पण हे कारण सांगून ओळख पटवण्याचे काम सोडून देणे मला पटत नाही.

आपल्याला माझी विनंती दोन गोष्टींची आहे. सल्ला छापताना तो मऊ खवल्यांसाठी आहे की कठीण कवचाच्या, आणि शक्य तेथे कोणत्या प्रजातीसाठी आहे, हे लेखकाकडून आवर्जून लिहून घ्यावे. आणि कृषी विद्यापीठांनी व जिल्हा पातळीवरच्या प्रयोगशाळांनी अशा काचपट्ट्या करणारे किमान एक माणूस तयार करावे, ही मागणी आपल्या पानावरून व्हावी. तोवर शेतकरी बांधवांनी फवारणीपूर्वी किडीसह एक काडी अल्कोहोलच्या लहान बाटलीत ठेवावी आणि झाडाचे नाव, गाव व तारीख पेन्सिलीने कागदावर लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी; शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळते.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, रत्नागिरी जिल्हा