व्यापारी जहाजाच्या कॅप्टनला नौदलात बसवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत कॅप्टन राधिका मेनन यांच्यावर पानभर लेख छापलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. पुण्यातल्या वर्तमानपत्रांना व्यापारी जहाजांवरच्या माणसांची आठवण सहसा होत नाही. पण मथळाच 'नौदलातील पहिली महिला कॅप्टन' असा दिलात आणि पुढचा सगळा लेख वाचताना तो खडा दाताखाली येत राहिला.

मेननबाई नौदलात कधीच नव्हत्या. त्या शिपिंग कॉर्पोरेशनच्या जहाजांवरच्या, भारतीय मर्चंट नेव्हीतल्या, म्हणजे व्यापारी जहाजांच्या ताफ्यातल्या, पहिल्या महिला कॅप्टन. नौदलाच्या युद्धनौकेवर स्त्री अधिकारी प्रमुख म्हणून नेमली गेली ती २०२३ साली, लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांना आयएनएस त्रिंकत मिळाली तेव्हा. हे निदान मराठी वर्तमानपत्राला ठाऊक असायला हवे होते. एका मथळ्यात आपण दोघींचाही मान काढून घेतलात.

चूक लहान आहे असे आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल. मी आयुष्यभर जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो आणि ही लहान चूक आयुष्यभर भोगली आहे. घरकर्जासाठी इथल्या एका बँकेत गेलो, तर 'नौदलाचे ओळखपत्र आणा' म्हणाले. सीडीसी, म्हणजे खलाशाची ओळख आणि बोटीवरच्या नोकरीची नोंद असलेली पुस्तिका, पुढे ठेवली, तर साहेबांनी ती उलटसुलट करून 'हे पासबुक कसले?' म्हणून परत दिली. पुढच्या खेपेला मी बोटीवर होतो, म्हणून पत्नीने जाऊन तेच सगळे पुन्हा ऐकले. निवृत्तीनंतर सोसायटीत ओळख करून दिली, तर पहिला प्रश्न आला, मिलिटरी कँटीनचे कार्ड आहे का. नाही म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा पडला. आम्हाला पेन्शन नाही, कँटीन नाही, पंधरा ऑगस्टला कोणी बोलावत नाही. त्याची मागणीही नाही. आम्ही कोण होतो एवढे बरोबर लिहा.

दुसरी गोष्ट. लेखात मेननबाईंच्या सुरुवातीबद्दल 'साध्या रेडिओ ऑपरेटरची किरकोळ नोकरी' असे म्हटले आहे. लेखकाने रेडिओ रूम पाहिलेली नसावी. त्या काळी आमच्या भिंतीवरच्या घड्याळावर दोन लाल पट्टे असत. दर तासाला पंधराव्या ते अठराव्या आणि पंचेचाळिसाव्या ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटापर्यंत ५०० किलोहर्ट्झ या संकटाच्या लहरीवर सगळ्या जगातल्या जहाजांनी गप्प बसायचे आणि कोणी बुडत असेल तर त्याची हाक ऐकायची. ते ऐकणारा माणूस म्हणजे रेडिओ ऑफिसर. १ फेब्रुवारी १९९९ पासून संकटसंदेशांसाठी उपग्रहाची व्यवस्था सर्वत्र लागू झाली, मोर्सची कट्ट-कडकट्ट संपली आणि आमच्या जागाही संपल्या. माझ्यासारखे कितीतरी जण किनाऱ्यावर आले आणि मिळेल ते करू लागले. याच नोकरीतून आलेल्या मेननबाई डेकच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या, बाजूला वळल्या. तिथे जुनी नोकरी धरत नाहीत. पुन्हा खालच्या पायरीपासून समुद्रावरचा काळ भरायचा, ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात तिथे, पाळीने वॉच करायचे, एकेक परीक्षा द्यायची. असे करत २०१० साली त्यांनी मास्टरचे, म्हणजे कॅप्टन होण्याचे, सर्टिफिकेट मिळवले आणि २०१२ साली 'सुवर्ण स्वराज्य' या जहाजाचा ताबा घेतला. हे सगळे आपल्या लेखात दीड ओळीत आहे. बोटीवर असताना घराकडे कोण बघते, यावर मात्र दोन परिच्छेद. एखाद्या पुरुष कॅप्टनला आपण हे विचारले असते का?

आणि ज्या कामासाठी त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१६ साली लंडनला बोलावून शौर्याचा पुरस्कार दिला, तो मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री, त्या कामाबद्दल लेखात 'वादळात सापडलेल्या मच्छीमारांना वाचवले' एवढेच. २२ जून २०१५. बंगालचा उपसागर, ओडिशातल्या गोपाळपूरजवळ. 'दुर्गम्मा' नावाची मासेमारी बोट, इंजिन बंद, नांगर गेलेला, आत सात माणसे, त्यात पंधरा वर्षांचा एक मुलगा. अन्नपाणी वाहून गेलेले, मासळीसाठी ठेवलेल्या बर्फावर जगत होती. वारा साठ नॉटच्या, म्हणजे ताशी एकशे दहा किलोमीटरच्या वर, लाटा पंचवीस फुटांच्या. मेननबाई तेव्हा कॅप्टन असलेल्या 'संपूर्ण स्वराज्य' या तेलवाहू टँकरच्या सेकंड ऑफिसरला ती सुमारे अडीच किलोमीटरवरून दिसली.

आता कॅप्टनने काय करायचे? टँकरला ब्रेक नसतो. फार हळू केला तर सुकाणूला जोर राहत नाही आणि लाटा जहाज फिरवतात. वेग ठेवला तर बोट हातची जाते. वाऱ्याला जहाजाची आडवी बाजू द्यायची, म्हणजे पलीकडे थोडे शांत पाणी मिळते आणि बोट तिथे घ्यायची. पण वारा जहाजालाच ढकलत त्या बोटीवर नेत असतो. मग पायलट लॅडर सोडायची, दोरीची, लाकडी फळ्यांची. बोट लाटेवर वर आली की त्याच क्षणी माणसाने फळी धरायची. क्षण चुकला तर तो बोट आणि जहाजाचा पत्रा यांच्या मधे. मेननबाईंनी तिसऱ्या प्रयत्नात सातही जणांना वर घेतले. पहिले दोन प्रयत्न फसल्यावर एवढे मोठे जहाज त्या समुद्रात फिरवून पुन्हा आणायचे, हा निर्णय ब्रिजवर एकट्या कॅप्टनचा असतो.

मला हे माहीत आहे, कारण आम्ही एकदा ऐन पावसाळ्यात वेरावळच्या बाजूला एका गलबताची माणसे उचलली होती. मी खाली बॉम्बे रेडिओ या किनाऱ्यावरच्या केंद्राला संदेश पाठवत होतो आणि जहाज कलले की खुर्चीसकट भिंतीवर आदळत होतो. पहिला फेरा चुकला, दोर हातात येऊन सुटला. दुसऱ्या फेऱ्यात सगळे वर आले, एकाचा पाय मोडला. बंदरात पोचल्यावर आमच्या कॅप्टनला मालकांच्या कार्यालयातून पत्र आले ते शाबासकीचे नव्हते. उशीर का झाला आणि जादा तेल किती जळले याचा खुलासा मागितला होता. समुद्रात माणूस बुडताना दिसला तर मदतीला जाणे कॅप्टनला कायद्याने बंधनकारक आहे, तरीही. त्यांनी तो खुलासा माझ्यासमोर टाइप करून घेतला, एक शब्द रागाचा घातला नाही. ते आता नाहीत. त्यांच्यावर कोणत्याही वर्तमानपत्रात कधी ओळ आली नाही.

म्हणून मेननबाईंवर आली, तेव्हा ती बरोबर यावी असे मला वाटते.

'पुण्याला समुद्र नाही, वाचकांना यात रस नसतो,' असे आपल्या कार्यालयातून मला फोनवर सांगण्यात आले. तळेगावजवळ इंदोरीला, लोणी काळभोरला, लोणावळ्याला मर्चंट नेव्हीची मुले शिकतात, मुलीही शिकतात. त्यांच्या हाती आपली पुरवणी पडते. आपण पुढे कोण होणार, हे तरी त्यांना मथळ्यात नीट वाचायला मिळू द्या.

दुरुस्ती छापाल तेव्हा आतल्या पानाच्या तळाशी चौकटीत नको, पुढच्या रविवारी त्याच पानावर द्या. आणि पुरवणीत निळ्या समुद्राच्या चित्रावर पांढरी बारीक अक्षरे छापणे बंद करा. माझ्या वयाच्या वाचकांना तो लेख भिंग घेऊनही वाचता येत नव्हता. नातीला बसवून वाचून घ्यावा लागला.

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर, कोथरूड, पुणे