मेन स्विच बंद करायला लावणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आभार मानण्यासाठी मी आपल्या दारी आलो, तेव्हा "त्यात काय एवढे" म्हणत आपण विषय बदललात. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. येथे आपल्याला विषय बदलता येणार नाही.

गेल्या वर्षी सलग दोन दिवस वीज गेली, पाठोपाठ नळ कोरडे पडले आणि त्या धास्तीने मी पुढचा महिनाभर घरात टॉर्च, पाण्याचे कॅन, बॅटरी, प्रथमोपचाराची पेटी असा ढीग लावला. ही तयारी मी कौतुकाने दाखवली, तेव्हा आपण एवढेच विचारलेत, "यातले वापरून काय काय पाहिले?" मला उत्तर देता आले नाही. त्यावर आपण सुचवलेत की, एका सुटीच्या दिवशी सकाळी मेन स्विच आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा, दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना हात लावू नये आणि जे जे अडेल ते वहीत लिहावे.

वहीची पाने भराभर भरली. टॉर्चमध्ये घालून ठेवलेले सेल पाझरून आतली स्प्रिंग गंजली होती. २० लिटरचा भरलेला कॅन आईला जागचा हलवतासुद्धा येईना. पिण्यासाठी आणि जुजबी स्वच्छतेसाठी माणशी रोज ४ लिटर, या हिशेबाने चौघांसाठी तीन दिवसांचे ४८ लिटर पाणी मी साठवले होते. पण संडासासाठी लागणारे पाणी त्यात धरलेच नव्हते, त्यामुळे दुपार टळायच्या आत पिण्याच्या साठ्याला हात घालावा लागला. संध्याकाळी आपण ती वही वाचलीत आणि, याचे मला आजही नवल वाटते, एकदाही हसला नाहीत. पिण्याचे पाणी ५ लिटरच्या कॅनमध्ये ठेवा, वापरायच्या पाण्याचे पिंप वेगळे करा, असे सांगून आपण छपराकडे बोट दाखवलेत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे आमच्या ४० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटरची एक सर पडली तर ४०० लिटर, आणि पहिले धुळीचे पाणी सोडून दिले तरी तीनशेच्या वर हाती लागते. हे गणित शाळकरी पोरालाही यावे, मला मात्र ते आपण सांगेपर्यंत सुचले नव्हते.

सर्वांत मोठी चूक फ्रिजची. आईचे इन्सुलिन खराब होईल या भीतीने मी दर तासाला दार उघडून हात लावून पाहत होतो. दार बंद राहिले तर फ्रिज साधारण ४ तास आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत थंडावा धरतो, आणि मी पाहून पाहूनच तो घालवत होतो, हे आपण समजावलेत. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण २८ दिवस चालते, ती गोठू मात्र द्यायची नसते. तरी आपल्या प्रकाराचे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, असेही आपण बजावलेत. आम्ही विचारले, आणि आता ते उत्तर औषधाच्या डब्यावर लिहून चिकटवले आहे.

जनरेटर बंद व्हरांड्यात ठेवण्याचा माझा बेत आपण मोडून काढलात, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. यंत्र उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर हवे, हे मला ठाऊकच नव्हते. पुढे आपण कागदावर हिशेब मांडलात आणि जनरेटरची गरजच उरली नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये म्हणून हाती ६०० धरायचे. ९ वॅटचे चार दिवे त्यावर साडेसोळा तास, आणि इन्व्हर्टरमधील घट वजा जाता चौदा तासांच्या आसपास चालतात. आम्हाला एक रात्र काढायची होती, आणि ती निघते.

दुसरा सराव गेल्या महिन्यात झाला. या वेळी वहीचे अर्धेच पान भरले, पण त्यात एक नोंद अशी आहे की जी पहिल्या वेळी सर्वांच्या नजरेतून सुटली होती: पाण्याचा मुख्य कॉक इतका घट्ट झाला आहे की तो माझ्याखेरीज घरात कोणालाही फिरवता येत नाही. तो येत्या आठवड्यात बदलून घेत आहोत. तिसऱ्या सरावाचा दिवस आईने ठरवला आहे आणि त्या दिवशी मी सकाळपासून घराबाहेर राहावे, असे तिचे म्हणणे आहे. वही तीच लिहिणार आहे. संध्याकाळी ती वाचायला आपण अवश्य यावे.

आपला नम्र,
शेजारी